जीर्णोद्धार की जीर्णसंहार?

नवे देऊळ बांधण्यापेक्षा पडक्या देवळाचा जीर्णोद्धार करण्याचे पुण्य अधिक, अशी आपल्या लोकांची समजूत फार दिवसांची आहे. ती मुळात वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु एखादा शब्द एकदा पुण्यवान ठरला म्हणजे त्याच्या आड काय काय खपून जाते याची चौकशी करण्याचे आपण सोडून देतो. ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचे तसेच झाले आहे. देवळे, वाडे, चित्रे यांच्यावर या शब्दाच्या नावाने जे अत्याचार झाले त्यांची चर्चा विद्वानांनी पुष्कळ केली आहे. आज आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहो ती त्यांच्या पंक्तीला बसविलेली पाहून मात्र काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. ती वस्तू म्हणजे चित्रपटात वापरलेली स्पोर्ट्स मोटार.

मोटार ती मोटार. तिला गंज चढला तर खरवडावा, पोचे आले तर काढावे, रंग उडाला तर नवा द्यावा. यात वाद घालण्यासारखे काय आहे? असा प्रश्न साहजिक आहे, आणि बाजारातून आणलेल्या व रोज कचेरीत नेण्याच्या मोटारीपुरते त्याचे उत्तर ‘काही नाही’ असेच आहे. पण जी मोटार एखाद्या विख्यात चित्रपटात धावली, आणि जिला पाहावयास लोक हजारो कोस दूर जातात, ती केवळ वाहन राहिलेली नसते. ती साक्षीदार झालेली असते. साक्षीदाराला न्यायालयात उभे करण्यापूर्वी त्याची हजामत करावी, त्याला नवे कपडे घालावे, इथपर्यंत कोणाची हरकत नाही. परंतु त्याची स्मृतीच पुसून तिच्या जागी नवी पढवावी, असे म्हणणाऱ्यास आपण काय म्हणू? चित्रपटातील मोटारी ‘कारखान्यातून नुकत्या बाहेर पडल्यासारख्या’ करून दाखविणारे शौकीन व कारागीर नेमके हेच करीत असतात, असे आमचे म्हणणे आहे.

एक उदाहरण घेऊ. १९६८ साली हॉलिवुडमध्ये ‘बुलिट’ नावाचा चित्रपट निघाला. दिग्दर्शक पीटर येट्स; नायक स्टीव्ह मॅक्वीन. कथा पोलिसी आहे व आज तिच्यातील गुंतागुंत फार थोड्यांच्या लक्षात असेल. परंतु सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर हिरव्या फोर्ड मस्टँगने काळ्या डॉज चार्जरशी खेळलेला सुमारे अकरा मिनिटांचा पाठलाग जगाच्या लक्षात राहिला. मस्टँगचे इंजिन ३९० घनइंचांचे, आठ सिलिंडरांचे. वेग ताशी शंभर मैलांच्या वर गेलेला. शहराचे रस्ते खरे, चढ खरे, उड्या खऱ्या. या उड्यांच्या आघाताने गाड्यांचे सांगाडे मोडू नयेत म्हणून मॅक्स बाल्चॉव्स्की या कुशल यंत्रज्ञाने त्या आधीच आतून मजबूत केल्या होत्या. चित्रपटाला उत्कृष्ट संकलनाचे ऑस्कर मिळाले, आणि त्या पारितोषिकात या अकरा मिनिटांचा वाटा किती, हे चित्रपट पाहिलेल्यास सांगावयास नको.

या कामी दोन मस्टँग आणल्या होत्या. त्यांचे कारखान्यातील अनुक्रमांक लागोपाठचे: एकीच्या क्रमांकाचा शेवट १२५५५८, दुसरीच्या क्रमांकाचा शेवट १२५५५९. एकीने मुख्यतः उड्या मारल्या, दुसरी जवळून चित्रित झाली. या दोन सख्ख्या बहिणींचे पुढील चरित्र एखाद्या नीतिकथेसारखे आहे; फरक एवढाच की ते घडलेले आहे.

दुसरी, म्हणजे १२५५५९ क्रमांकाची, काही हातांतून फिरून १९७४ साली न्यू जर्सीतील एका मध्यमवर्गीय कुटुंबाने वर्तमानपत्री जाहिरात वाचून विकत घ्यावी तशी काही हजार डॉलरांस विकत घेतली. घरची गृहिणी शिक्षिका होती. ती हीच गाडी घेऊन शाळेत जात असे. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली; कुटुंबाने दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच निकामी झाला आणि गाडी घरातच पडून राहिली. जग तिला हरवलेली समजत होते. गाडी घेणारे गृहस्थ २०१४ साली वारले. त्यांच्या मुलाने ती चालती करण्यापुरते यंत्रकाम केले, आणि अंगाला हात लावला नाही. उडालेला रंग, पोचे, गंजाचे डाग, आणि मुख्य म्हणजे कॅमेरा बसविण्यासाठी गाडीच्या पोटाशी वेल्डिंग करून जोडलेले लोखंडी आधार, सारे जसेच्या तसे. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात ती लोकांपुढे आली तेव्हा भोवती चकचकीत नव्या गाड्यांची आरास होती, आणि लोक या कळकट गाडीपुढे गर्दी करीत होते. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथे तिचा लिलाव झाला. बोली चौतीस लाख डॉलरांवर थांबली. दलाली धरून किंमत सदतीस लाख चाळीस हजार डॉलर झाली.

आता पहिलीची हकीकत ऐका. १२५५५८ क्रमांकाची गाडी मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया या भागात भंगारात सापडली. इंजिन गेलेले, अंग गंजलेले, मूळ रंगावर दुसरे रंग चढलेले. ज्यांना ती मिळाली त्यांचा बेत काय होता? २००० साली निघालेल्या ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ या चित्रपटात ‘एलिनॉर’ नावाची जी मस्टँग आहे तिची नक्कल या सांगाड्यावर उभी करावयाची! म्हणजे एका चित्रपटातील अस्सल साक्षीदाराला रंगवून दुसऱ्या चित्रपटाचे सोंग द्यावयाचे. सुदैवाने कोणीतरी अनुक्रमांक तपासला, जाणकारास दाखविला, आणि २०१७ साली ही ओळख जाहीर झाली. ओळख पटली कशावरून? क्रमांकावरून, आणि उड्यांसाठी आत केलेल्या त्या मजबुतीकरणावरून. उत्साही कारागिराने ते ‘नंतरचे ठिगळ’ म्हणून आधीच कापून काढले असते, तर ओळखीचा अर्धा पुरावा भंगाराच्या ढिगात गेला असता.

या दोन हकीकतींतून आमचा सिद्धान्त आपोआप निघतो. चित्रपटातील मोटारीचे मोल तिच्या रूपात नाही, तिच्यावर उमटलेल्या खुणांत आहे. तिची झीज थांबविणे हे कर्तव्य; तिच्या खुणा पुसणे हा अपराध; आणि या दोहोंना ‘जीर्णोद्धार’ हे एकच नाव देणे हा भाषेचा घात होय.

या सिद्धान्तावर आक्षेप पुष्कळ घेतले जातात. त्यांतील चार मुख्य आक्षेपांचा परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप चतुर आहे. आक्षेपक म्हणतो: “अहो, चित्रपट हेच मुळी एक सोंग. ‘बुलिट’मधला तो पाठलाग नीट पाहा. एकच हिरवी फोक्सवॅगन पुन्हा पुन्हा मागे पडताना दिसते. डॉज चार्जरच्या चार चाकांवरून चारांहून अधिक टोप्या उडतात. मॅक्वीन चालवितो असे आपणांस वाटते, आणि अवघड ठिकाणी बड एकिन्ससारखे कसलेले चालक गाडी हाकीत असतात. पडद्यावरची एक मस्टँग म्हणजे प्रत्यक्षातल्या दोन. जेथे सगळेच बनावट, तेथे खरेपणाचा एवढा सोवळेपणा कशाला?”

हा युक्तिवाद ऐकावयास गोड, पण उलटा आहे. चित्रपट बनावट असतो म्हणूनच त्यातील जे थोडे खरे असेल त्याला मोल येते. टोप्यांचा हिशेब चुकला तो कात्रीने चुकविला. पण प्रत्येक टोपी एका खऱ्या चाकावरून, खऱ्या रस्त्यावर उडाली होती. त्या काळी आकाशात गाडी उडवून दाखविणारे संगणक नव्हते. चार चाके जमिनीवरून सुटली आणि पुन्हा आपटली, तेव्हा ती खरोखरीच आपटली. तो धक्का आज कोठे उरला आहे? मॅक्वीन १९८० साली वारला. रस्त्यांची डांबरपट्टी कितीदा बदलली असेल. फिल्मवर उरली ती छाया. धक्का उरला आहे तो फक्त त्या पत्र्यात आणि त्या वेल्डिंगमध्ये. तो पत्रा ठोकून सपाट करावयाचा, वेल्डिंग काचकागदाने घासून काढावयाचे, वर पुट्टी भरून हिरवा रंग फवारावयाचा, आणि मग म्हणावयाचे, ‘पाहा, हीच ती गाडी!’ आम्ही म्हणतो, ती होती, आता नाही. सोंगातील एकमेव खरी गोष्ट तुम्ही सोंगासारखी करून टाकली.

याच ठिकाणी चित्रपटाच्या फिती सांभाळणाऱ्यांचे शास्त्र लक्षात घेण्यासारखे आहे. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यापासून हा विषय आपल्या लोकांस अगदी अपरिचित राहिलेला नाही. जुन्या फितीवरील ओरखडे व डाग काढावयाचे असतात तेव्हा आता त्या फितीची प्रतिमा उतरवून घेतात आणि शुद्धीकरण त्या प्रतिमेवर होते. मूळ फीत पुसतपासून, थंड व कोरड्या जागी ठेवतात. उद्या अधिक चांगली रीत सापडली तर पुन्हा मूळाकडे जाता येते. मोटारीची गोष्ट अशी नाही. तेथे शुद्धीकरण मूळावरच होते. आणि एकदा खरवडलेला रंग कोणत्याही विद्येने परत येत नाही. फितीच्या बाबतीत जी सावधगिरी आवश्यक, ती मोटारीच्या बाबतीत दसपट आवश्यक आहे. आणि प्रत्यक्षात ती दसपट कमी दिसते.

दुसरा आक्षेप यंत्रज्ञांचा. ते म्हणतात, “यंत्राचा धर्म चालणे. जे इंजिन फिरत नाही ते इंजिन नव्हे, लोखंड होय. तुमच्या म्हणण्याप्रमाणे वागलो तर गाड्या काचेच्या पेटीत पडून मरतील.” या म्हणण्यात सत्य आहे, आणि आम्ही ते मान्य करतो. पण ते आमच्याविरुद्ध कसे जाते हे आम्हांस समजत नाही. निकामी क्लच बदलणे, रबराच्या नळ्या नव्या घालणे, ब्रेक विश्वासाचे करणे, ही दुरुस्ती आहे. मोटार जन्माला येते तीच मुळी सुटे भाग बदलण्याच्या तयारीने. न्यू जर्सीच्या त्या कुटुंबाने हेच केले. गाडी चालू लागली आणि तिचा एक ओरखडाही गेला नाही. तेव्हा चालणे आणि चकाकणे यांची गाठ कोणी घातली? डोळ्यांना मोतीबिंदू झाला तर शस्त्रक्रिया करावी. पण त्याबरोबर कपाळावरच्या सुरकुत्याही सपाट करून घ्याव्या असे कोणता वैद्य सांगतो?

तिसरा आक्षेप आदराचा आहे. “ज्या वस्तूने आमच्या तरुणपणी आनंद दिला तिला दीनवाण्या स्थितीत पाहवत नाही. तिला तिच्या वैभवाच्या क्षणी होती तशी करणे हाच तिचा मान.” या भावनेची थट्टा करावी असे आम्हांस वाटत नाही. पण ‘वैभवाचा क्षण’ म्हणजे कोणता, एवढे विचारण्याची परवानगी आम्हांस असावी. येथे आपण अॅस्टन मार्टिनच्या घराण्याकडे वळू.

१९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटात जेम्स बाँडची जी रुपेरी डीबी-५ मोटार आहे, तिच्यात शस्त्रे व चमत्कार बसविलेले होते. ज्या गाडीत ही करामत प्रथम केली ती काम संपल्यावर कंपनीने काय केली? सारे चमत्कार काढून टाकले आणि १९६८ साली साधी, वापरलेली मोटार म्हणून विकली! पुढे एका मालकाने त्या चमत्कारांच्या प्रतिकृती करून पुन्हा बसविल्या. १९९७ साली ती फ्लोरिडातील एका हँगरमधून चोरीस गेली. आता सांगा, या गाडीचा वैभवाचा क्षण कोणता? कारखान्यातून निघाली तो? चित्रणाच्या दिवसाचा? तोफा उतरविल्या तो? की दुसऱ्या तोफा चढविल्या तो? तुम्ही यांपैकी एक निवडला की बाकीचे तीन खोटे ठरवून पुसावे लागतात. इतिहासातून एक दिवस निवडून उरलेली वर्षे फेकून देण्याला मान म्हणणे कठीण आहे.

दुसरी अॅस्टन मार्टिन याहून बोलकी आहे. १९६५ च्या ‘थंडरबॉल’ चित्रपटाच्या अमेरिकेतील जाहिरातीसाठी तशाच दोन गाड्या करविल्या होत्या. त्या पडद्यावर कधी आल्याच नाहीत. त्यांतील एकीचे स्वित्झर्लंडमध्ये संपूर्ण नवीकरण झाले, तिचे सारे चमत्कार पुन्हा चालते केले गेले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात ती त्रेसष्ट लाख पंच्याऐंशी हजार डॉलरांस विकली गेली. म्हणजे पडद्यावर प्रत्यक्ष धावलेल्या, अंगावर खुणा बाळगणाऱ्या मस्टँगपेक्षा, पडद्यावर न आलेली पण लखलखीत अॅस्टन मार्टिन पुष्कळच महाग ठरली. गाड्या वेगळ्या, कूळ वेगळे, दुर्मिळता वेगळी, हे सर्व आम्ही जाणतो. म्हणूनच किंमत हे प्रमाण मानू नये, असे आम्ही सुचवितो. वर मस्टँगच्या किमतीचा उल्लेख केला तो आमच्या बाजूचा पुरावा म्हणून नव्हे. बाजार आज खुणांना भाव देतो, उद्या चकाकीला देईल. सत्यासत्याचा निवाडा लिलावाच्या हातोड्यावर सोपविता येत नाही.

ज्यांना वैभवाचा क्षण डोळ्यांपुढे हवाच आहे त्यांच्यासाठी एक सरळ मार्ग मोकळा आहे. तो म्हणजे नवी गाडी करणे. खुद्द अॅस्टन मार्टिन कंपनीने २०२० साली ‘गोल्डफिंगर’च्या धर्तीच्या पंचवीस नव्या डीबी-५ गाड्या चमत्कारांसह बांधावयास घेतल्या. फोर्ड कंपनीने २००१, २००८ व २०१९ या वर्षांच्या मालिकांत ‘बुलिट’ नावाच्या नव्या मस्टँग विकल्या. आमची त्यास काडीचीही हरकत नाही. नवी ती नवी म्हणून विकली, जुनी ती जुनी म्हणून राहिली. कोणाची फसवणूक झाली नाही. आपल्या परंपरेतही खंडित मूर्तीचे विसर्जन करून नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना करतात. भंगलेल्या मूर्तीस चुना लावून ती अभंगच आहे असे भासविणे कोणाही श्रद्धावंतास रुचत नाही. जो विवेक देव्हाऱ्यात आहे तो गॅरेजमध्ये का नसावा?

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्यास उत्तर देताना जपून बोलले पाहिजे. “तुमच्या त्या मस्टँगला घराचे छप्पर लाभले. पण जी गाडी उन्हापावसात उभी राहिली, जिचे भाग चोरांनी व भक्तांनी नेले, तिच्या खुणा कोणत्या? नाश हा काही इतिहास नव्हे.” आक्षेपकाच्या मनात येथे १९८५ च्या ‘बॅक टू द फ्यूचर’मधील डीलोरियन असते, आणि ते योग्यच आहे. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ तयार झालेली, अगंज पोलादाच्या अंगाची, पंखासारखी दारे वर उघडणारी ही स्पोर्ट्स मोटार. सुमारे नऊ हजार गाड्या निघाल्या आणि १९८२ साली कंपनी बुडाली. चित्रपटात तिला कालयंत्राचे रूप दिले. चित्रपटमालिका संपल्यावर मुख्य गाडी हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत उघड्यावर प्रेक्षणीय वस्तू म्हणून राहिली. हवेने तिची दुर्दशा झाली, आणि प्रेक्षकांनी आठवण म्हणून तिचे भाग उपटून नेले. शेवटी चित्रपटाचे सहलेखक बॉब गेल यांच्या पाठिंब्याने जाणकार शौकिनांच्या एका गटाने तिचे नवीकरण केले. २०१६ पासून ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन मोटार-संग्रहालयात आहे, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचे नाव आहे. त्याच नोंदवहीत ती हिरवी मस्टँगही आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या नवीकरणास आम्ही अपराध म्हणत नाही. त्या गटाने चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून एकेका भागाची ओळख पटविली, मूळ कारागिरांनी विमानांच्या व विद्युत्यंत्रांच्या भंगारातून जे जे सुटे भाग वापरले होते तेच नमुने हुडकून आणले; अंदाजाने भर घातली नाही. येथे खुणा पुसल्या गेल्या असतील तर त्या चित्रणाच्या नव्हत, लुटीच्या होत्या. परंतु या उदाहरणापासून शिकावयाचे ते ‘नवीकरण चांगले’ हे नव्हे. शिकावयाचे ते हे की, वर्षानुवर्षे पावसात ठेवण्याऐवजी पहिल्याच वर्षी वर छप्पर घातले असते, तर या अचाट परिश्रमांची गरजच पडली नसती. नवीकरण हे बहुधा आधीच्या निष्काळजीपणाचे प्रायश्चित्त असते. प्रायश्चित्त घेणाऱ्याचे कौतुक जरूर करावे; पण म्हणून पाप करणाऱ्यास मोकळे सोडू नये, आणि निष्पापास तर प्रायश्चित्त कधीच देऊ नये.

हा वाद काही आजचा नाही. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चइमारतींना ‘मूळ रूप’ देण्याचा सपाटा चालला होता तेव्हा रस्किनने १८४९ साली त्यावर घणाघाती टीका केली, आणि विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ एक मंडळच काढले. ज्या चर्चांची त्या उत्साहात डागडुजी झाली त्यांपैकी कित्येकांत आज मध्ययुग शोधू गेल्यास व्हिक्टोरिया राणीचा काळ हाती लागतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेत हे तत्त्व राष्ट्राराष्ट्रांतील तज्ज्ञांनी मान्य केले की, जेथे अंदाज सुरू होतो तेथे नवीकरण थांबले पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ साली मान्य केलेली ‘ट्यूरिन सनद’ हेच मोटारींना लावते: शक्य तितका कमी हस्तक्षेप, आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद. म्हणजे आम्ही काही अपूर्व सांगत नाही. जे दगडाच्या बाबतीत पटावयास शंभर वर्षे लागली ते पत्र्याच्या बाबतीत लवकर पटावे, एवढीच आमची खटपट आहे.

उरला मालकीचा प्रश्न. “गाडी माझी, पैसा माझा, तुम्ही कोण विचारणार?” कायद्याने आम्ही कोणी नव्हे. परंतु ज्या गाडीला लाखो डॉलर आले ते कशामुळे, हे मालकाने स्वतःशीच विचारून पाहावे. लोखंडामुळे? तसले लोखंड फोर्डने त्याच वर्षी लाखो गाड्यांत घातले. किंमत आली ती असंख्य प्रेक्षकांच्या स्मृतीमुळे; आणि ती स्मृती मालकाने विकत घेतलेली नाही, ती त्याच्यापाशी ठेव म्हणून आहे. ठेवीला हात लावणाऱ्याविषयी आपली भाषा जे शब्द वापरते ते येथे लिहिण्याची गरज नाही.

तेव्हा करावे काय? आमच्या मते चार नियम पुरेत. गंज, कसर, ओल यांनी चालविलेला नाश थांबवावा, पण झालेली झीज लपवू नये. चालण्यासाठी जे भाग बदलावे लागतील ते बदलावे, पण काढलेला भाग फेकू नये. चिठ्ठी लावून गाडीबरोबर ठेवावा. हात लावण्यापूर्वी व लावल्यानंतर छायाचित्रे घ्यावी आणि काय, केव्हा, कशासाठी केले ते लिहून ठेवावे. आणि नवे घातलेले जाणकार डोळ्यास नवे म्हणून ओळखू यावे. जुने दप्तर छापणारा प्रामाणिक संपादक कसरीने खाल्लेली जागा मोकळी सोडतो; तेथे आपल्या पदरचे शब्द घालीत नाही, आणि घातलेच तर कंसात घालतो. कारागिरालाही असा कंस घालता येतो. प्रश्न फक्त त्याची इच्छा आहे की नाही एवढाच आहे.

कारागिरांविषयी आमच्या मनात अनादर आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. पत्र्याला हातोडीने पूर्वीची वळणे देणारा, पन्नास वर्षांपूर्वीच्या रंगाची छटा नजरेने जुळविणारा माणूस हा कलावंतच आहे. पण जे करता येते ते न करणे, हा कलेचा अधिक अवघड भाग आहे. आणि या संयमाला बहुधा बक्षीस मिळत नाही. कारण झालेले काम दिसते, राखलेला हात दिसत नाही.

शेवटी, ज्यांना चित्रपटांत व मोटारींत काडीचाही रस नाही अशा वाचकांस एक विनंती. आपल्या घरातही अशा वस्तू असतात. आजोबांच्या हस्ताक्षराची वही नव्या कागदावर सुबक लिहून काढली म्हणजे जुनी रद्दीत घालावी असे वाटते. पितळी डबा घासून सोन्यासारखा करताना त्यावरचे कोरीव नाव झिजते. भिंतीवरचे जुने छायाचित्र ‘रंगीत करून’ आणले जाते आणि मूळ कोठे गेले ते कोणास आठवत नाही. हेतू सर्वत्र चांगलाच असतो. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या चढावर १९६८ साली पत्र्याला आलेला पोचा काय आणि आजोबांच्या वहीतील शाईचा डाग काय, दोहोंतही एक गोष्ट समान आहे: त्या दिवशी तेथे कोणी तरी खरोखर होते, एवढे त्यांवरून सिद्ध होते. ते पुसल्यावर वस्तू अधिक देखणी होईल यात संशय नाही. फक्त तिला विचारण्यासारखे काही उरणार नाही.